पुराच्या पाण्यातून आलेली मोटार आणि आपली पुंजी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वक्ता नाही. माझे सारे आयुष्य गॅरेजात गेले. हाताला ऑइल आणि डोक्यात वायरिंग, एवढीच माझी विद्या. त्यामुळे कार्यवाहांनी जेव्हा मला व्याख्यानासाठी विचारले, तेव्हा मी प्रथम नकार दिला. परंतु ते म्हणाले, "आपल्या सभासदांपैकी बरेच जण अलीकडे जुनी गाडी घेऊ लागले आहेत. कोणी कुटुंबासाठी, तर कोणी धंद्यासाठी. तुम्हाला ठाऊक आहे ते सांगा." तेव्हा मला वाटले, आपल्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती सांगण्याचे कर्जही आपल्यावर आहे. ते कर्ज कसे झाले, तेच आधी सांगतो.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी फुगली, कुर्ला, कलिना, सायन हे भाग पाण्याखाली गेले. माणसे गेली, संसार वाहून गेले. रस्त्यात अडकलेल्या मोटारींत दारे-काचा न उघडल्यामुळे काही जण आतच गुदमरून दगावले. त्या महाप्रलयात हजारो मोटारी बुडाल्या. पाणी ओसरले आणि मग त्या मोटारींचा व्यापार सुरू झाला.

मी त्या वेळी कुर्ल्याकडील एका गॅरेजात वायरमन होतो. दोन-तीन आठवड्यांत एक व्यापारी आमच्या शेठकडे गाड्या आणू लागला. काम एकच होते. सीट काढायच्या, गालिचा उचलून उन्हात वाळवायचा, चिखल धुवायचा, वायरिंगचे कपलर पेट्रोलने पुसायचे, जिथे वायर खाल्ली गेली असेल तिथे तोडून जोडायची आणि वरून काळी टेप गुंडाळायची. खालच्या बाजूला डिझेल फवारायचे म्हणजे गंज झाकला जातो. शेवटी नवीन सीटकव्हर, नवीन मॅटिंग, आणि डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. तीन दिवसांत गाडी नव्या नवरीसारखी सजून उभी राहायची. आम्हाला रोजंदारीपेक्षा जास्त पैसे मिळत. गाड्या कुठे जातात हे आम्ही विचारत नव्हतो. त्या मुंबईबाहेर जात, एवढे मात्र कळत होते.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या तालुक्यातला एक तरुण मला शोधत गॅरेजात आला. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून आणि वर पतपेढीचे कर्ज काढून त्याने टुरिस्ट पासिंगची जुनी गाडी घेतली होती. त्याची तक्रार अशी की, गाडी मधेच बंद पडते, वायपर आपोआप फिरू लागतात आणि एकदा रात्री घाटात दोन्ही हेडलाइट गेले. गाडीत सहा माणसे होती. त्याने दगडाला गाडी टेकवली म्हणून निभावले. मी डॅशबोर्डखाली डोके घातले, आणि मला माझीच टेप दिसली. टेप गुंडाळण्याची प्रत्येक वायरमनची एक पद्धत असते. ती माझी होती.

मित्रहो, त्या दिवशी मी त्याला खरे सांगितले नाही. "वायरिंग जुने झाले आहे," एवढेच म्हणालो. त्याच्याकडून मजुरी घेतली नाही, इतकीच माझी लाज. गाडी आणखी तीन वेळा आली. अखेर सहा महिन्यांनी मी त्याला सर्व सांगितले. तो भांडला नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "काका, झालं ते झालं. पण कुठे बघायचं असतं ते तरी आता शिकवा." गाडी शेवटी भंगारात गेली. पतपेढीचे हप्ते मात्र पुढे दोन वर्षे चालू राहिले. आजचे माझे भाषण हे त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर समजा.

पाणी नेमके काय करते?

पुष्कळांना वाटते की, पाणी म्हणजे पाणी, वाळले की संपले. पाऊस तर रोजच गाडीवर पडतो! परंतु पावसाचे पाणी वरून येते आणि गाडी ते सहन करण्यासाठीच बनवलेली असते. पुराचे पाणी खालून आणि आतून येते. त्यात गाळ असतो, गटाराची घाण असते आणि खाडीकाठच्या गावात मीठही असते.

या पाण्याचे दोन घाव असतात. पहिला घाव ताबडतोब दिसतो. इंजिनात पाणी शिरले असताना कोणी सेल्फ मारला, तर पिस्टन वर येताना पाणी दाबू पाहतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. म्हणून बुडालेली गाडी कधीही चालू करून पाहू नये, ती टोइंग करूनच न्यावी.

दुसरा घाव हळू चालतो. आजच्या गाडीत मैलभर वायर आणि शेकडो जोड असतात. इंजिनाचा संगणक, एअरबॅगचा संगणक, ब्रेकची एबीएस यंत्रणा, हे सर्व त्या जोडांवर चालते. जोडाच्या आत राहिलेला ओलावा तांब्याला खात जातो आणि त्यावर हिरवट-पांढरा थर चढतो. हे काम महिन्यांत होते, कधी वर्ष लागते. तोवर गाडी उत्तम चालते. म्हणूनच पंधरा मिनिटे चालवून पाहिलेल्या गाडीवर विश्वास ठेवू नका. विकणाऱ्याला ठाऊक असते की, रोग आज दिसणार नाही. एअरबॅगही कागदावर असते, पण वेळेला ती उघडेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

तेव्हा उपाय काय? मी स्वतः गाड्या धुतल्या आहेत, म्हणून मला माहीत आहे की धुणाऱ्याचा हात कुठे पोहोचतो आणि कुठे पोहोचत नाही. तुम्ही पाहायचे ते त्याचा हात न पोहोचलेल्या जागी.

हात न पोहोचणाऱ्या जागा

गाडी नेहमी दिवसा, उजेडात आणि काचा बंद ठेवून उन्हात उभी असताना पाहा. दार उघडताच पहिला श्वास आत घ्या. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर सावध व्हा. सुगंधी द्रव्याचा भडिमार असेल तर अधिक सावध व्हा. एसी पूर्ण वेगाने चालू करून पाहा, कारण ब्लोअरच्या पोटात अडकलेला गाळाचा वास तेव्हा बाहेर येतो.

त्यानंतर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. हे सर्वांत सोपे आणि सर्वांत खात्रीचे. धुणारा माणूस पट्ट्याचा दिसणारा भाग धुतो, परंतु आत गुंडाळलेल्या भागावर पाण्याची आडवी रेघ आणि मातीचा डाग तसाच राहतो. पट्टा नवा कोरा आणि गाडी मात्र आठ वर्षांची असेल, तरी विचारा की पट्टा का बदलला.

सीट पुढे-मागे सरकवा आणि खाली बॅटरी मारा. सीटच्या रुळांवर, खालच्या स्प्रिंगवर आणि जमिनीला बसवलेल्या बोल्टांवर गंज आहे काय? गाडीच्या आतल्या बोल्टांना पाऊस लागत नाही. तिथे गंज असेल तर पाणी आत आलेले आहे. त्या बोल्टांवर पाना फिरल्याच्या ताज्या खुणा असतील, तर सीट कोणी तरी काढलेली आहे. गालिच्याचा कोपरा उचलून खालच्या जाड नमद्यावर बोटे दाबा. वरचा गालिचा एका दिवसात वाळतो, नमदा आठवडेच्या आठवडे वाळत नाही.

डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढा. तिच्या खळग्यात बारीक गाळ साठतो. जॅक आणि पान्याची पिशवी उघडून पाहा. ती धुण्याचे कोणाच्याच लक्षात राहत नाही. आम्हीही ती धूत नसू.

बॉनेट उघडल्यावर चकाकीला भुलू नका. इंजिनाच्या मागच्या भिंतीवर, वायरिंगच्या जाळ्याच्या मागे आणि रेडिएटरच्या जाळीत सुकलेला चिखल शोधा. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टरवर पाण्याचा डाग किंवा तळाला माती असेल, तर पाणी इंजिनाच्या तोंडापर्यंत आले होते. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. परंतु ऑइल स्वच्छ आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका, कारण ऑइल बदलणे हे पहिलेच काम असते. फ्यूज बॉक्सचे झाकण उघडून एक-दोन फ्यूज उपसा आणि त्यांच्या पायांवर हिरवा थर आहे का ते पाहा. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ किंवा धुके दिसते का, तेही पाहा.

यानंतर गाडीतील प्रत्येक बटण दाबा. चारी काचा, वायपर, हॉर्न, आतला दिवा, संगीत, मागचा पंखा, सर्व काही. चावी फिरवताच एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळीच न लागणे हे तो न विझण्याइतकेच वाईट आहे, कारण कित्येकदा दिवाच काढून टाकलेला असतो.

शेवटी, तुमच्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा आणि स्कॅनर लावून घ्या. त्याला द्यावी लागणारी फी वाचवू नका. गाडी विजेवर चालणारी असेल तर बॅटरी मजल्याखालीच असते. तेव्हा कंपनीच्या अधिकृत केंद्रातून बॅटरीची तपासणी झाल्याखेरीज व्यवहार करू नका.

कागद काय सांगतात?

कित्येक जण विचारतात, आरसी बुकावर हे लिहिलेले नसते काय? नाही. गाडी पुरात बुडाली होती असे सांगणारा रकाना आपल्या आरसीवर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवायचे असते. परंतु जी गाडी कशीबशी चालू करता येते, ती या कलमातून सहज निसटते.

आता विम्याचे पाहू. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होणार असेल, तर विमा कंपनी सामान्यतः ती गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला रक्कम देते आणि उरलेला सांगाडा लिलावात जातो. सुट्या भागांसाठी तो कोणी घेतला तर त्यात वावगे काही नाही. वावगे होते ते तोच सांगाडा धुऊन, न सांगता, चांगली गाडी म्हणून विकण्यात.

म्हणून विकणाऱ्याकडे चालू वर्षाचीच नव्हे, तर मागील तीन-चार वर्षांची विमा पॉलिसी मागा. त्यात 'नो क्लेम बोनस' हा आकडा शोधा. वर्षभर दावा केला नाही तर तो २० टक्के मिळतो, पुढे २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत चढतो. दावा केला की साधारणतः शून्यावर येतो. एखाद्या वर्षी तो ४५ वरून शून्यावर उतरला असेल, तर त्याच्या आधीच्या वर्षी काय घडले ते विचारा. उत्तर अपघाताचेही असू शकेल, पण उत्तर मिळाले पाहिजे, बिलासह मिळाले पाहिजे. मात्र एक ध्यानात ठेवा. ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी होता, त्यांना पुराची भरपाईच मिळत नाही. त्यामुळे तिथे दावाही नसतो आणि खूणही नसते. म्हणजे कागद स्वच्छ आहेत म्हणून गाडी स्वच्छ आहे असे होत नाही. कागद आणि गाडी दोन्ही पाहावीत.

एम-परिवहन या ॲपवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, आरटीओ, विम्याची मुदत अशी माहिती मिळते. ती आरसीशी ताडून पाहा. चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. त्याच क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस केंद्राकडील इतिहास मिळवण्याचा प्रयत्न करा, मालकाला बरोबर घेऊन जा. अमुक महिन्यात टो करून आणली, संपूर्ण वायरिंग बदलले, अशी नोंद तिथे सापडू शकते.

गाडी कुठली आणि त्या काळी कुठे होती, हेही विचारा. चेन्नईत २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, केरळात ऑगस्ट २०१८ मध्ये, आपल्या कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये, हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये, चिपळूण-महाडला जुलै २०२१ मध्ये आणि नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ रोजी मोठे पूर आले. सांगली-कोल्हापुरात पाणी कित्येक दिवस हटले नव्हते. चिपळुणात वाशिष्ठीच्या पाण्याने बाजारपेठ गाळाने भरली. एमएच-०८, ०९ किंवा १० क्रमांक पाहून त्या गावच्या माणसांवर संशय घ्या, असे मी मुळीच म्हणत नाही. तिथल्या असंख्य गाड्यांना पाणी लागलेले नाही आणि पुराचा फटका बसलेला माणूस स्वतः फसवणारा नसतो. बहुतेकदा त्याच्याकडून मातीमोलाने घेऊन पुढे विकणारा फसवतो. क्रमांक हा पुरावा नव्हे. तो प्रश्न विचारण्याचे निमित्त आहे.

विचारायचे कसे आणि घ्यायचे कसे?

विकणाऱ्याला सरळ विचारा: "या गाडीत कधी पाणी शिरले होते का? कुठपर्यंत?" आणि उत्तर लेखी घ्या. खरेदीच्या करारावर एक ओळ पुरे: 'सदर वाहन पुराच्या अथवा साचलेल्या पाण्यात बुडालेले नाही, असे मी लिहून देतो.' खाली सही आणि तारीख. खरा माणूस ही ओळ आनंदाने लिहितो. जो म्हणतो, "एवढा विश्वास नाही का?", त्याला नमस्कार करून घरी या.

विकणारा आणि आरसीवरील मालक एकच आहे का, हेही पाहा. व्यापारी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घेणे आवश्यक आहे. ते पाहायला मागा. फसवणूक झालीच, तर व्यापाऱ्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवायला घेतलेल्या गाडीलाही हे संरक्षण आहे, हे तरुण चालक मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीत ती एक लेखी ओळच तुमचे मोठे हत्यार ठरेल.

पाणी लागलेली प्रत्येक गाडी टाकाऊच असते असेही नाही. पाणी फक्त चाकांच्या निम्म्यापर्यंत आले, आतला मजला कोरडा राहिला, मालकाने आपणहून सांगितले आणि दुरुस्तीची बिले दाखवली, तर भाव कमी करून ती घेता येईल. पाणी मजल्यावर आले असेल तर शंभरदा विचार करा. सीटपर्यंत किंवा डॅशबोर्डपर्यंत आले असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका. बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त गाडी दिसली की आपल्याला आनंद होतो. तिथे आधी प्रश्न पडला पाहिजे. आणि "दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येतेय," असे कोणी म्हटले, तर ती गाडी त्या गिऱ्हाइकालाच घेऊ द्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात गाडी येते ती वरकमाईतून येत नाही. ती प्रॉव्हिडंट फंडातून येते, आईच्या दागिन्यातून येते, पतपेढीच्या कर्जातून येते. त्या पैशाला दोनदा विचारण्याचा हक्क आहे. तपासताना संकोच करू नका. कोणी हसले तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा.

आणि एक शेवटची विनंती. आज आपण घेणारे आहोत, उद्या विकणारेही होऊ. आपल्या गाडीला पाणी लागले असेल तर घेणाऱ्याला सांगा. चार पैसे कमी येतील. पण मी ते चार पैसे जास्त घेऊन पाहिले आहेत. घाटात दिवे गेले तेव्हा त्या गाडीत सहा माणसे होती, ही गोष्ट मी अजून विसरू शकलेलो नाही. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे मेकॅनिक होईल, कोणी विम्याचा सर्व्हेअर होईल. ज्या दिवशी शेठ म्हणेल, "नुसती टेप गुंडाळ," त्या दिवशी हे भाषण आठवावे, एवढीच इच्छा.